बाहेरून कडी

खारदांड्याला कोळीवाड्याच्या गल्ल्या सुरू होतात तिथे मागल्या उन्हाळ्यात एक निळा कंटेनर येऊन बसला. ‘बसला’ हाच शब्द बरोबर. गावाकडचा पाहुणा चार दिवसांसाठी म्हणून येतो आणि हळूहळू रेशनकार्डापर्यंत पोचतो, तसं त्याचं झालं. आला तेव्हा तो कसल्याशा रस्त्याच्या कामाचं ऑफिस होता. पुढे काम संपलं, किंवा थांबलं (मुंबईत या दोन क्रियापदांतला फरक फक्त कंत्राटदाराला कळतो), आणि आत पाच-सहा कामगार राहू लागले. पत्रा कापून खिडकी झाली, खिडकीत आरसा आणि खोबरेल तेलाची बाटली आली, बाहेर दोरीवर बनियन आले. पलीकडे वलांड्यांच्या दोऱ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत असतात. संध्याकाळच्या वाऱ्यात ते बोंबील आणि ते बनियन अशा एका तालात हलतात, की लांबून पाहणाऱ्याने कोणते कुठले ते वासावरूनच ओळखावं. तेही खात्रीने नाही.

माझा भाचा आर्किटेक्ट. त्याला हे सहज सांगितलं, तर त्याचे डोळे लकाकले. “मामा, स्वस्त घरांचं उत्तर तुझ्या दारात येऊन उभंय आणि तू बनियन मोजतोस!” मग त्याने मला कंटेनरपुराण ऐकवलं. माल्कम मॅक्लीन नावाचा एक अमेरिकन ट्रकवाला, माल चढवा-उतरवाच्या हमालीला कंटाळून अख्खी पेटीच जहाजावर ठेवायला निघाला. २६ एप्रिल १९५६ रोजी अशा ५८ पेट्या घेऊन ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं आणि जगाच्या व्यापाराची चालच बदलली. या पेटीचं घर करायच्या युक्तीचं पेटंट फिलिप क्लार्क यांना अमेरिकेत १९८९ साली मिळालं. आपलं न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं तेही त्याच वर्षी. योगायोगाला मुहूर्त चांगला सापडतो. ॲमस्टरडॅमला हजारभर विद्यार्थ्यांची वसाहतच कंटेनरची झाली. आणि २०१५ साली एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या धारावीसाठी कंटेनरवर कंटेनर रचलेले मनोरे काढून लोकांनी बक्षिसं मिळवली. चित्रं फार देखणी होती. धारावीत त्यांतलं काहीच उभं राहिलं नाही, पण चित्रात प्रत्येक खिडकीत एक कुंडी होती.

मी मात्र मनात गुणाकार करत होतो. लहान कंटेनर वीस फूट लांब, आठ फूट रुंद. म्हणजे १६० चौरस फूट. हा आकडा ऐकला आणि काळजात काहीतरी ओळखीचं खुट्ट वाजलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांचीच! मॅक्लीनच्याही तीसेक वर्षं आधी, १९२०च्या दशकात, मुंबई सरकारने वरळीला, नायगावला, शिवडीला, ना. म. जोशी मार्गावर गिरणगावातली माणसं त्याच मापात भरून ठेवली होती. पेटंट तेवढं घ्यायचं राहिलं. नायगावच्या त्या मापात आम्ही नऊ जण होतो आणि शिवाय आजोबांची पत्र्याची ट्रंक होती, जिच्यासकट ते कोकणबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले होते. आजीचा शालू, डांबराच्या गोळ्या आणि कुणाकुणाच्या जन्मपत्रिका तिच्यात एकत्र नांदत. एकदा लपंडावात मी त्या ट्रंकेत लपलो आणि धाकट्या आत्याने गंमत म्हणून बाहेरून कडी घातली. घरच्यांच्या मते अर्धं मिनिट. माझ्या मते ती कडी अजून पुरती निघालेली नाही.

म्हणून भाच्याबरोबर कंटेनर बघायला गेलो, तेव्हा माझी नजर आधी दाराकडे गेली. दोन उभ्या झडपा, त्यांवर खालपासून वरपर्यंत लोखंडी दांडे, दांड्यांना मुठी, आणि हे सगळं बाहेरच्या बाजूला. कापसाला, टायरला, बिस्किटांना आतून कडी लावायची हौस नसते, हे मॅक्लीनने बरोबर ओळखलं होतं. भाचा बाकीच्या उणिवा प्रामाणिकपणे सांगत होता. लोखंड तापतं, आतून अस्तर लावावं लागतं. जमिनीच्या लाकडाला बहुधा कीटकनाशक पाजलेलं असतं, ते काढावं लागतं. भार चार कोपऱ्यांवर असला तरी भिंतीच्या नागमोडी पत्र्यातही जोर असतो, त्यामुळे मोठी खिडकी कापली की पेटी कमजोर होते. हे मला फार आवडलं. उजेड हवा असेल तर थोडं कमजोर व्हायची तयारी ठेवायची. आमच्या चाळीच्या दारांना ते माहीत होतं, ती दिवसभर उघडीच असत. “आणि जागा?” मी विचारलं. पेटी स्वस्त आहे रे, पण मुंबईत ती टेकवायची कुठे? दांड्याच्या गल्लीत दोन पाटीवाल्या समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी ओटीवर चढावं लागतं. तिथे क्रेन कुठून शिरणार? भाचा म्हणाला, तो धोरणाचा प्रश्न आहे. भाचे मोठे झाले की असंच बोलतात.

एवढ्यात सुक्या मासळीची पाटी टेकवून एक मावशी आमच्याजवळ थांबल्या. त्यांना कंटेनरचं अप्रूप नव्हतं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर लोकांनी मासळीकडे पाठ फिरवली. “दर्यान पेटारंच पेटारं,” मावशी म्हणाल्या, “आन् आमचं म्हावरा कोन घेईना.” मग त्यांनी कंटेनरवर तळहात टेकवला, आत डोकावल्या आणि ज्या प्रश्नाला भाच्याच्या पाच वर्षांच्या शिक्षणात उत्तर नव्हतं तो विचारला, “ह्यान बरफ किती मावंल रे बाला?”

भाच्याने खरंच हिशोब करायला मोबाईल काढला.

पावसाळा उलटल्यावर परवा पुन्हा तिकडून गेलो. कंटेनर तिथेच आहे. दारापुढे कामगारांनी दोन फळ्या ठोकून बसायला केलंय; दांड्यात राहिल्यावर ओटी फुटायचीच. तापतो म्हणून ज्या छताला भाच्याने नावं ठेवली, त्यावर मावशींचा जवळा पसरलेला होता आणि एक बिहारी पोरगा वर उकिडवा बसून, कावळे हाकत, तो हलक्या हाताने परतत होता. खाली मावशी फळीवर बसून त्याला भोजपुरी वाटावी अशा कोळी बोलीत सूचना देत होत्या. नवी वलांडी उभारली होती, तिची एक दोरी बांधायला जागा हवी होती. ती दाराच्या त्या लोखंडी दांड्याला बांधलीय, चांगल्या तीन गाठी मारून. दार आता बाहेरून लावायचं म्हटलं, तर आधी सगळे बोंबील उतरवावे लागतील.