वारसवाल्यांची गादी खालसा करा!

6 मे 2023 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसऱ्या चार्ल्स महाराजांच्या मस्तकावर सव्वादोन किलोचा मुकुट चढला. त्याआधी जेरुसलेमहून आलेलं पवित्र तेल त्यांना लावलं, तेही तीन बाजूंनी आडोसा करून. देव आणि राजा यांच्या मधे कॅमेरा नको म्हणून. सिंहासनाखाली ठेवायला स्कॉटलंडहून 152 किलोचा दगड आणला होता. सरकारी खर्च 7 कोटी 20 लाख पौंड. आणि हा सगळा थाट अशा गृहस्थांसाठी, ज्यांना स्वतःच्या सहीने एका मास्तराची बदली करता येत नाही! आमच्या लालबर्र्यात एवढीशी सत्ता असलेल्या माणसाला कोणी पानसुद्धा विचारणार नाही.

पण हसण्याआधी आपला जुना हिशेब पाहू. आमचा बालाघाट जिल्हा झाला 1867 साली; त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नाही. गव्हर्नर जनरल डलहौसीसाहेबांनी विचारलं, वारस कुठाय? भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी दत्तकासाठी परोपरीने दाद मागितली. साहेब म्हणाले, औरस नाही तर राज्य नाही. 1854 मध्ये राज्य खालसा! वाड्यावरचे हत्ती, घोडे, बैल नागपुरातच मातीमोल भावाने विकले आणि दागदागिने लिलावाला कलकत्त्याला गेले.

आता साहेबांच्या घरचा कायदा ऐका. 1714 साली त्यांची ॲन राणी वारली. सतरा वेळा गरोदर राहूनही मागे एक मूल उरलं नाही. मग इंग्लंड खालसा झालं का? छे! जवळच्या नात्यातले पन्नासहून अधिक जण निव्वळ कॅथलिक म्हणून बाजूला सारले आणि थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरहून जॉर्ज नावाचे पाहुणे आणून गादीवर बसवले. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. म्हणजे नागपूरला घरातला दत्तक चालत नाही आणि लंडनला परमुलखातला लांबचा भाऊ चालतो. डलहौसीसाहेब 1714 मध्ये लंडनला हवे होते. लंडनच्या वाड्यावरच्या घोड्यांचा लिलाव आम्ही नागपूरच्या सीताबर्डीवर केला असता.

असो. साहेब गेले, राजे गेले, 1971 मध्ये तनखेही गेले. राहिला तो वारस. आता इकडे राजकारणात निपुत्रिक गादी औषधालाही सापडत नाही. भैयाजी थकले की चिरंजीव, चिरंजीव कोर्टात अडकले की सूनबाई. राज्याभिषेकाला ॲबी लागत नाही. मंडप, डीजे, चांदीचा मुकुट आणि हातात तलवार पुरते. लंडनने 1937, 1953 आणि 2023 मिळून तीनच राज्याभिषेक केले. आमच्याकडे एवढे एका वाढदिवसाला होतात.

एका बाबतीत मात्र इंग्रज फारच मागासलेले. 1953 मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकात त्यांचे यजमान फिलिप गुडघे टेकून बायकोशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेत होते. हे आमच्या सरपंचपतींना दाखवू नये, जेवण जाणार नाही. मध्य प्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या. 2022 मध्ये दमोह जिल्ह्यातल्या एका पंचायतीत निवडून आल्या बायका आणि शपथ घेतली नवरोबांनी! याला म्हणतात संसाराची वाटणी.

तेव्हा माझी सूचना अशी की डलहौसीसाहेबांचा कायदा पुन्हा आणावा, फक्त उलटा करून. साहेब निपुत्रिकांची गादी खालसा करायचे, आपण पुत्रवंतांची करावी. ज्या घरात आमदारकीला तयार चिरंजीव असेल, त्या घराची जागा जप्त. हत्ती-घोडे नसले तरी स्कॉर्पिओ आहेतच. लिलावाला माल कमी पडायचा नाही.

सूचना रास्त आहे, अडचण मांडण्याची आहे. ठराव ग्रामसभेत आणायचा, तर अध्यक्ष सरपंचबाई. आणि त्यांच्या खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान विचारतात, "बोला, काय काम होतं?"