अँटेना धरणाऱ्या माणसाची सुटका

ज्या घरात रेडिओ आहे, त्या घरात एक माणूस अँटेनाच्या नोकरीवर असतो. या पदाची जाहिरात निघत नाही, पगार नाही, रजा नाही. सकाळच्या बातम्यांना खरखर सुरू झाली की कोणीतरी म्हणतं, "जरा ती दांडी धर पाहू," आणि ज्यानं धरली तो अडकला. आवाज स्वच्छ होतो. "हां, बस्स. आता हलू नकोस." सोडली की पुन्हा खरखर. नेमणूक सेवाज्येष्ठतेच्या उलट्या क्रमानं होते. आधी धाकटा मुलगा, तो शाळेत गेला असेल तर नवी सून, तीही कामात असेल तर मुक्कामाला आलेला भिडस्त पाहुणा. कर्त्या पुरुषानं ही नोकरी केल्याचा दाखला उपलब्ध नाही. प्रस्तुत मार्गदर्शिका या पीडित वर्गासाठी आहे. लागणारं साहित्य म्हणजे दीड-दोन मीटर वायर, चिकटपट्टी आणि घरातल्या ज्येष्ठांची परवानगी. पहिल्या दोन वस्तू कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात.

माणसानं दांडी धरली की रेडिओ सुधारतो, यात अंधश्रद्धा काही नाही. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झचा. लाटेचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर. त्याला १०० मेगाहर्ट्झनं, म्हणजे दहा कोटींनी भागलं की लाटेची लांबी तीन मीटर येते. अशा लाटेला अर्ध्या लांबीची, म्हणजे दीड मीटरच्या आसपासची वीजवाहक वस्तू फार मानवते. साधारण उंचीचा मराठी माणूस दीड मीटरपेक्षा थोडा जास्त भरतो आणि आतून खारट पाण्याचा असतो. तेव्हा धाकट्याची निवड अन्यायाची असली तरी अशास्त्रीय म्हणता येणार नाही.

आता पहिली पायरी, जी फुकट आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही : रेडिओ हलवा. खोलीत शिरलेल्या लाटा भिंतींवरून, कपाटावरून परत फिरतात. कुठे एकमेकींत मिसळून जोर धरतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. खाल्लेल्या जागेपासून जोराच्या जागेपर्यंत पाऊण मीटरचं अंतर पुरतं. म्हणजे रेडिओ टेबलाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर नेला तरी वायर आणायची गरज संपू शकते. अडचण एवढीच की रेडिओची जागा ठरलेली असते. तो फ्रिजवर असतो, त्याखाली क्रोशाचा रुमाल असतो, आणि ही व्यवस्था रेडिओच्याही आधीची असते. फ्रिज म्हणजे लोखंडाची पेटी आणि तिच्यात सुरू-बंद होणारी मोटर. एफएमसाठी याहून वाईट पाट शोधून सापडणार नाही. तरीही रुमालाचा प्रश्न नाजूक आहे. तो गृहिणीच्या माहेरचा असल्यास ही पायरी वगळून पुढे जावं.

दुसरी पायरी आजोबांना समजावण्याची. आजोबा रेडिओ रुमालासकट गोल फिरवतात, कारण आयुष्यभर त्यांनी मीडियम वेव्ह ऐकलेली असते. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे तिची लाट अर्ध्या किलोमीटरहून लांब. तेवढी तार घरात मावत नाही म्हणून रेडिओच्या पोटात फेराइटची काळी कांडी आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे असतात. ती कांडी दिशा ओळखते, म्हणून रेडिओ फिरवला की आवाज बदलतो. एफएमला त्या कांडीचा उपयोग शून्य; तिथे काम बाहेरच्या दांडीचं. हे आजोबांना एकदाच आणि हळू आवाजात सांगावं. नंतर ते फिरवत राहतील. फिरवू द्यावं.

दांडीविषयी एक गैरसमज घरोघरी आहे : जितकी लांब तितकी चांगली. पूर्ण उघडलेल्या दांडीकडे पाहून लोकांना काहीतरी कर्तृत्व केल्यासारखं वाटतं. एकट्या दांडीला पाव लाट, म्हणजे सुमारे ७० ते ७५ सेंटिमीटर भरपूर झाली. बहुतेक छोट्या रेडिओंची दांडी मुळात तेवढी नसते, म्हणून तिला तेवढी वायर चिमट्यानं जोडून भिंतीवर सरळ लावली की फरक पडतो. पण एखादे काका असतात, जे दहा मीटर तार आणून ती हॉलमधून पॅसेजमार्गे न्हाणीघरापर्यंत नेतात. त्या तारेला भलत्याच दिशांचं ऐकू येतं आणि शेजारच्या चार्जरची खरखरही ती प्रेमानं गोळा करून आणते. उलट जो मनोऱ्याच्या अगदी जवळ राहतो, त्याच्या रेडिओचं पोट आधीच भरलेलं असतं. एकच केंद्र चार ठिकाणी वाजतं. त्यानं दांडी मिटवून ठेवावी. हा उपाय सांगितल्यावर काकांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आता मुख्य काम, म्हणजे डायपोल. नाव भारदस्त आहे, वस्तू दारावरच्या बेलला वापरतात त्या दुपदरी वायरची आहे. वायरीचे दोन पदर एका टोकाकडून ७० सेंटिमीटर उसवायचे, उसवण जिथे थांबते तिथे गाठ मारायची म्हणजे पुढे फाटत नाही, आणि मोकळे दोन हात डावी-उजवीकडे सरळ पसरायचे. झालं इंग्रजी टी अक्षर. उभा भाग रेडिओकडे न्यायचा. म्युझिक सिस्टमच्या पाठीला ७५ ओहमचं गोल तोंड असेल तर एक पदर मधल्या पिनला, दुसरा बाहेरच्या धातूला. जुन्या रिसिव्हरला ३०० ओहमचे दोन स्क्रू असतील तर माळ्यावर चढावं. छपरावरच्या दूरदर्शनच्या अँटेनाची ती चपटी रिबन वायर माळ्यावर असतेच, कारण आपल्याकडे ती टाकून द्यायची कोणाची हिंमत झालेली नाही. तिचा साधारण एक मीटर चाळीसचा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांना दोन्ही तारा एकमेकींना जोडायच्या, मग फक्त एक तार मध्यावर कापून तिथे खाली जाणारी रिबन जोडायची. याला फोल्डेड डायपोल म्हणतात. साध्या डायपोलचा अवरोध सत्तरेक ओहमचा, याचा चौपट, म्हणून त्या स्क्रूंशी त्याचं जुळतं.

मापावरून भांडण होणार, त्याची तयारी ठेवावी. सूत्र सोपं आहे : १४२.५ ला मेगाहर्ट्झनं भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. मुंबईच्या एफएम गोल्डसाठी, १००.७ वर, ती १ मीटर ४२ सेंटिमीटर येते. विविध भारतीसाठी, १०२.८ वर, ३९. एफएम रेनबोसाठी, १०७.१ वर, ३३. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ९१.१ हवं असतं, तिचं माप १ मीटर ५६. प्रत्यक्षात साध्या डायपोलचा कान इतका रुंद असतो की मधलं कुठलंही माप कापलं तरी सगळी केंद्रं नीट लागतात. पण ही गोष्ट कुटुंबाला सांगू नये. प्रत्येकाला खासगीत बोलावून "तुमच्याच केंद्राच्या मापानं कापली आहे" असं सांगावं.

खरी कसोटी दिशेची. आडवा डायपोल आपल्या दोन्ही अंगांना उत्तम ऐकतो आणि टोकांकडे जवळजवळ बहिरा असतो. डोंबिवलीचं उदाहरण घेऊ. तिथून मुंबई शहर नैर्ऋत्येला. म्हणजे तार वायव्य-आग्नेय अशी ताणली पाहिजे. वास्तुतज्ज्ञांचं यावर मत मागवलेलं नाही. अशी भिंत घरात असतेच, पण त्या भिंतीवर हार घातलेले पूर्वजांचे फोटो असतात. तार फोटोंच्या मागून न्यावी. लाकडी चौकट आणि काच लाटांना आडवी येत नाही. आडवे येतात ते वर उल्लेखलेले काका. बरीच केंद्रं उभ्या आणि आडव्या दोन्ही अंगांनी लाटा सोडतात, म्हणून आडवी तार नाकारली गेल्यास तीच पडद्याच्या कडेनं उभी सोडून पाहावी. पडद्याचा रॉड ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला समांतर मात्र नको.

खिडकीविषयी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण मुंबई परिसरातल्या खिडकीला लोखंडी ग्रिल असतं. त्यातली भोकं वीतभर. तीन मीटरच्या लाटेच्या लेखी ती नसल्यातच जमा, तेव्हा ग्रिल तिला जवळपास भिंतीसारखंच. आपण म्हणतो खिडकी उघडी आहे, लाट म्हणते दार बंद आहे. वर आरसीसीच्या भिंतीत सळयांची जाळी वेगळीच. म्हणून तार ग्रिलच्या आत नव्हे, शक्य तर बाहेरच्या अंगाला, कुंड्यांमागून न्यावी. ओल्या कपड्यांच्या दोरीला बांधू नये. दोरी सुटते आणि मग चर्चा रेडिओची राहत नाही.

इथे मस्करी बंद. वायरचं टोक विजेच्या सॉकेटच्या कुठल्याही भोकात, अर्थिंगच्या सुद्धा, घालू नये. गॅसच्या पाइपला बांधू नये. गच्चीवर किंवा ग्रिलबाहेर तार असेल तर विजा कडाडताना ती काढून आत आणायची नाही. ढग जमायच्या आधीच काढून ठेवायची.

तरीही खरखर राहिली तर गुन्हेगार घरातच आहे. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स ही मंडळी दिवसभर रेडिओच्या कानाशी कुजबुजत असतात. तपास सोपा : रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर एकेक वस्तू सुरू करत चोर पकडा. तपासाची वेळ निवडताना संध्याकाळच्या मालिका टाळाव्यात. त्या वेळी मेन बंद करणाऱ्याला आणखी एक गुन्हेगार म्हणून नोंदवलं जातं. दुसरा उपाय स्टिरिओचं बटण मोनोवर नेण्याचा. स्टिरिओत खरखर सुमारे २० डेसिबलनं जास्त, आणि बातम्या दोन कानांनी वेगवेगळ्या ऐकायची गरज आजवर कोणाला पडलेली नाही.

तार कायमची चिकटवण्याआधी घरातल्या सगळ्यांना आपापल्या नेहमीच्या जागी बसवावं. बसलेली माणसंही लाटा अडवतात आणि परतवतात. रिकाम्या खोलीत बसवलेली अँटेना जेवणाच्या वेळी बिघडते ती याचमुळे.

मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कधी अचानक परक्या भाषेतलं गाणं ऐकू येईल. घाबरू नये. अरबी समुद्रावर दमट हवेच्या थरावर कोरडी उष्ण हवा पसरली की लाटा त्या दोहोंच्या सांध्यात वाकतात आणि क्षितिजापलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर थेट अरबस्तानचा किनारा उमटत असे. अशा दिवशी अँटेना दुरुस्त करायला घेणारा माणूस वाया जातो.

मोबाइलवर एफएम असणाऱ्यांना वेगळी सूचना नाही. इयरफोनची वायर हीच तिथली अँटेना. बिनवायरचे महागडे इयरफोन घेतलेल्यांनी जुना वायरवाला इयरफोन खोचावा, तो गळ्यात तसाच लोंबू द्यावा आणि आवाज स्पीकरवर ऐकावा. नव्या मोबाइलला तेवढं भोकही नसतं, एफएम तर नसतंच. तो धारक या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

तोच धारक आता विचारेल की आकाशवाणीचं ॲप असताना हा खटाटोप कशाला. ॲप चांगलं आहे, खरखर नाही. पण त्यावरचा कार्यक्रम रेडिओच्या काही सेकंद मागून येतो, त्यामुळे त्याच्या टोलावर घड्याळ लावू नये, आणि एका घरात रेडिओ व ॲप एकदम लावू नये. लावलंच तर आजीला प्रत्येक बातमी दोनदा ऐकू येते, आणि दुसऱ्यांदा आलेली ती पक्की समजते.