खर्ज गिळणारी डबी

१९७२ साली अमेरिकेत ‘म्यूट्रॉन थ्री’ हे एन्व्हलप फिल्टर पेडल आलं. तार जितकी जोरात छेडाल, तितका फिल्टर जास्त उघडतो. फंक वादक बूट्सी कॉलिन्सने ते बेस गिटारला जोडलं आणि तमाम बेसवाल्यांच्या खिशाला भोक पडलं. आधी महागडं पेडल घ्यायचं. मग कळतं, फिल्टरने सर्वांत जाड तारेचा ४१ हर्ट्झचा खर्जच गिळला! मग झाकण उघडून कपॅसिटर बदलायचा, ब्लेंडचा नॉब बसवून मूळ आवाज परत मिसळायचा. म्हणजे पैसे मोजून घालवलेला आवाज पैसे मोजूनच परत आणायचा. एवढं करून श्रोता विचारतो, “यात बेस कुठला?” बाबांनो, सोल्डर गन जरा खाली ठेवा. फिल्टर बोटांच्या जोरावर उघडतो. आधी हात सुधारा.