महागाई आपली आणि त्यांची

आपल्या देशाचं अर्थशास्त्र समजायला एक नियम पुरतो. महागाई दोन प्रकारची असते. एक आपली, जिच्यामुळे पगार वाढवावाच लागतो. दुसरी त्यांची, जी त्यांचा पगार वाढवल्यामुळे होते.

पहिल्या प्रकाराचा दाखला दिल्लीचा. 2025 च्या मार्चमध्ये खासदारांचं वेतन महिना 1 लाखावरून 1 लाख 24 हजार झालं आणि दैनिक भत्ता 2,000 चा 2,500. ना मोर्चा, ना उपोषण. दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार वाढ, अशी तरतूद 2018 लाच करून ठेवलेली. वाढ 1 एप्रिल 2023 पासून धरली, म्हणजे मागच्या दोन वर्षांची थकबाकीही पदरात. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं कोण म्हणतं?

आता दुसरा प्रकार. केंद्रानं किमान वेतनाची राष्ट्रीय पातळी जून 2017 मध्ये दिवसाला 160 वरून 176 रुपये केली. राज्यांचे दर वेगळे, पुष्कळ ठिकाणी वरचे. हा आकडा म्हणजे याच्या खाली उतरू नका, एवढी नम्र विनंती, बंधन नव्हे. विनंतीला कसली आलीय महागाई? पुढची सात-आठ वर्षं हा आकडा जागचा हलला नाही. पुण्यात 20 रुपयांचा वडापाव धरला तर 176 मध्ये आठ येतात. घरात चार तोंडं असली तर माणशी दोन. उरलेल्या 16 रुपयांत एक चहा, चौघांत वाटून. भाडं, दवाखाना, शाळा हे चैनीचे विषय, ते नंतर बघू.

मजुराला किती लागतं हे सरकारला ठाऊक नाही असंही नाही. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेनं मोजून ठेवलंय: प्रौढ माणसाला दिवसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाकाठी 72 वार कापड, वर घरभाडं आणि इंधन. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्यासाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले. 2019 मध्ये केंद्राच्याच तज्ज्ञ समितीनं हिशेब मांडून दिवसाला 375 रुपये सुचवले. मग 2021 मध्ये दुसरा तज्ज्ञगट नेमला. मुदत तीन वर्षं. मजुराची भूक आधी एका समितीनं मोजायची, मग ती खरंच लागली होती का हे दुसरीनं बघायचं.

2019 मध्येच संसदेनं वेतन संहिता मंजूर केली. ती लागू व्हायला 21 नोव्हेंबर 2025 उजाडला. खासदारांची वाढ दोन वर्षं मागे जाऊन पैसे घेऊन आली. मजुरांचा कायदा सहा वर्षं पुढे चालत राहिला.

पण दिल्लीला नावं ठेवण्यात काय हशील? संसद आपल्या सोसायटीतही भरते. वार्षिक सभेत लॉबीच्या इटालियन मार्बलचा ठराव चहा येईपर्यंत मंजूर होतो. वॉचमनच्या पगारात पाचशेची वाढ हा विषय निघाला की सगळ्यांना अचानक ताळेबंद वाचायचा असतो. ‘एकदा वाढवला की सवय लागते,’ असं सांगणारे गृहस्थ याच सभेच्या आधी जिन्यात उभं राहून यंदा कंपनीनं फक्त सहा टक्के इन्क्रिमेंट दिलं म्हणून हळहळत असतात. ‘यात घर कसं चालवायचं?’ हा प्रश्न जिन्यात रास्त असतो, सभागृहात आला की बेशिस्त. एजन्सीच्या बिलातले किती रुपये वॉचमनच्या हातात पडतात, असं कुणी विचारलंच तर ‘तो एजन्सीचा अंतर्गत प्रश्न.’ बारा तासांची ड्युटी संपवून खुर्च्या मांडायला थांबलेला वॉचमन मागे उभा असतो. त्याला मत विचारण्याची पद्धत नाही. कोरम त्याच्यावाचून पूर्ण होतो.

तेव्हा एक माफक सूचना. खासदारांचं वेतन ज्या खुंटीला बांधलंय, तिलाच हे 176 रुपयेही बांधावेत. त्याच 24 टक्क्यांनी त्यांचे 218 होतील. म्हणजे घरटी रोज दोन वडापाव जादा. एवढा धक्का देशाची अर्थव्यवस्था सोसेल की नाही, हे तपासायला हवी तर समिती नेमा. मुदत नेहमीचीच तीन वर्षं. सदस्यांना दैनिक भत्ता मात्र चालू दरानं द्यावा. महागाई फार वाढलीय.