उधन्यात राहून चिनी कशी शिकावी

उद्देश : सुरतेतल्या एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, चीनहून आलेलं मशीन ऐन घाईत थांबतं, पडद्यावर चिनी अक्षरं उमटतात आणि मेकॅनिक पांडेसऱ्याच्या दुसऱ्या खात्यात अडकलेला असतो. अशा वेळी कारागिराने शेठचं तोंड बघत बसू नये, म्हणून ही मार्गदर्शिका.

पात्रता : घरी अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी, शेठशी गुजराती, मेकॅनिकशी हिंदी आणि शेजारी काम करणाऱ्या गंजामच्या भावाशी ओडिया, एवढं येत असूनही 'आपल्याला कुठे भाषा येतात?' असं वाटलं पाहिजे. वाटेलच. यांतल्या एकीचंही सर्टिफिकेट तुमच्याकडे नाही.

साहित्य : स्मार्टफोन आणि ड्युओलिंगो. २०१२ साली सर्वांसाठी खुलं झालेलं हे हिरव्या घुबडाचं ॲप. ऐकण्याचे धडे खात्याबाहेर करावेत. चिनीत सूर बदलला की 'आई'चा 'घोडा' होतो, आणि मशीनच्या खडखडाटात दोघांत काही फरक उरत नाही.

पायरी १ : पातळी ठरवणे. सुरुवातीच्या चाचणीत उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. चुकणं कमीपणाचं असल्याने चाचणीला बारावीतल्या भाच्याला बसवावं. भाचा गूगलला विचारेल. सॉफ्टवेअर तुम्हाला थेट वरच्या धड्यात नेऊन बसवेल. घरात पेढे वाटावेत.

पायरी २ : वेळेवर विसरणे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं आणि १८८५ साली छापलं : आधी माणूस भराभर विसरतो, मग सावकाश. ड्युओलिंगोच्या संशोधकांनी २०१६ साली त्यापुढचा हिशेब मांडला. कुठला शब्द कुणाच्या डोक्यात किती टिकेल याचा अंदाज बांधायचा आणि निसटायच्या बेतात असतानाच तो पुन्हा विचारायचा. मात्र सॉफ्टवेअर ओळखतं ते ॲपवरच्या खात्याला, माणसाला नाही. सकाळी तुम्ही, दुपारी भाचा आणि रात्री रूम पार्टनर अशी पाळी लावलीत, तर तिघांची मिळून एक चौथी स्मरणशक्ती तयार होते. ती चिनी फार छान शिकते.

पायरी ३ : स्ट्रीक सांभाळणे. एक दिवस चुकला की साखळी तुटते. बारा तासांची पाळी करून आल्यावर, मध्यरात्रीला पाच मिनिटं कमी असताना, आधीच पाठ असलेला सर्वांत सोपा धडा उरकावा. स्ट्रीक दिवस मोजते. त्या दिवशी काय शिकलात ते विचारत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाताना जळगाव लाईनच्या गर्दीत उभं राहायला मिळेलच याची खात्री नसते, म्हणून चुकलेल्या दिवशीही साखळी टिकवणारा स्ट्रीक फ्रीझ आधीच घेऊन ठेवावा.

पायरी ४ : डायमंड लीग. गुण वाढले की ब्राँझपासून चढत चढत डायमंडपर्यंत जाता येतं. पैलू न पाडता हिरा मिळण्याची सुरतेतली ही एकमेव सोय आहे. हिरे घासणाऱ्या वराछात सांगू नये.

शंकानिरसन

प्रश्न : डायमंडला पोचलो, पण मशीनच्या पडद्यावरचं अजून वाचता येत नाही.
उत्तर : तुम्ही चहा मागायला शिकलात. मशीन चहा मागत नाही. किती अवघड विचारायचं हे सॉफ्टवेअर तुमच्याकडे बघून ठरवतं. धड्यात काय असायचं हे मात्र तुमचं खातं न पाहताच ठरलेलं असतं.

प्रश्न : मग ओडिया ॲपशिवाय कशी आली?
उत्तर : शेजारचा ओरडला ते समजलं नाही, तर माल बिघडत होता आणि पगारातून पैसे कापले जात होते. शिवाय तिथे तुमच्या जागी भाच्याला उभं करता येत नव्हतं.

प्रश्न : चुकलं तर?
उत्तर : स्वतःच चुका, सॉफ्टवेअरला तेवढंच हवं असतं. ते तुमच्या चुकांवर चालतं. भाच्याची बरोबर उत्तरं दिलीत, तर ते भाच्यालाच शिकवत राहील.

प्रश्न : ते सगळं ठीक, पण आत्ता पडद्यावर काय लिहिलंय?
उत्तर : बहुतेक 'धागा तुटला'. ओवा आणि मशीन चालू करा, शेठ येतोय.