दहावा प्रेक्षक

"दहा माणसं झाली तर खेळ लावू," बुकिंगच्या खिडकीतला माणूस म्हणाला. नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणताना डॉक्टरांचा आवाज होतो ना, तसा त्याचा झाला होता.

आम्ही सात जण होतो. थेटर नऊशे खुर्च्यांचं. म्हणजे माणशी सव्वाशेच्या वर खुर्च्या. मुंबईत एवढी जागा मला आजवर कुणी देऊ केली नव्हती. थेटराचं नाव सांगत नाही. बिचाऱ्याचे दिवस आधीच वाईट आहेत.

'एकपडदा चित्रपटगृह' हा शब्द वर्तमानपत्रवाल्यांचा. आम्ही थेटरच म्हणतो. आमची सौ. मात्र मॉलवाली. मॉलमध्ये खुर्ची मागे रेलते, पाय आपोआप वर येतात आणि दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं माझं तोंड उघडतं. उघडलंच आहे तर त्यात घालायला चारशे रुपयांचे पॉपकॉर्न तयारच असतात.

माझ्या थेटरांना कुळ आहे. रीगल 1933 चं, पहिला खेळ लॉरेल-हार्डीचा. लिबर्टी 1949 चं, उघडलं ते मेहबूबच्या 'अंदाज'नं. पुढे तिथेच 'हम आपके हैं कौन' शंभरावर आठवडे चालला. इतकं लांबलेलं लग्न मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. आणि मराठा मंदिर! 1995 पासून, करोनातली सक्तीची सुट्टी सोडली तर, तिथे पडद्यावर सिमरन धावत गाडी पकडतेच आहे. समोर एसटीचा डेपो, जवळच मुंबई सेंट्रल. त्यामुळे गाडीला वेळ आहे म्हणून मांडीवर बॅग घेऊन बसलेलेही बरेच. शेवटी सिमरन पळायला लागली की त्यातले दोन-तीन जण दचकून घड्याळ बघतात. मॉलमध्ये हे सुख नाही. दादरचं चित्रा 2019 मध्ये बंद झालं, तेव्हा मी एक दिवस रजा टाकली होती. अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती'.

असो. तीन माणसं हवी होती.

सातांत एक जोडपं होतं. पण त्यांना दहावाच काय, तिसराही नको होता. एक आजोबा दर दोन मिनिटांनी "एसी चालू आहे ना?" एवढंच विचारत होते. सिनेमा कुठला, ही चौकशी त्यांनी केली नव्हती. मी फुटपाथवर उतरलो. शेंगदाणेवाला म्हणाला, "टीव्हीवर येईल की!" एका कुरियरवाल्या पोरानं विचारलं, "आत मोबाइल चार्जिंगला लावता येईल का?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. आठ झाले.

मग घरी फोन केला.

"अहो, सिनेमा कसला आहे?"

"ते आत गेल्यावर बघू. आधी ये."

ती आली. टॅक्सीचे दोनशे ऐंशी, तिकिटाचे ऐंशी. हा हिशेब तिनं तिथेच, सगळ्यांसमोर मोठ्यानं केला. नऊ.

खेळाची वेळ टळून वीस मिनिटं झाली. खिडकीतल्या माणसानं गल्ल्याला कुलूप लावायला घेतलं, तेव्हा दाराशी उभे असलेले डोअरकीपर मामा पुढे झाले. डोक्यावर टोपी, हातात टॉर्च. खिशातून ऐंशी रुपये काढून त्यांनी खिडकीत सरकवले.

"एक बाल्कनी."

"मामा, तुम्ही?"

"का? चाळीस वर्षं लोकांना आत सोडतोय. एकदा मला कुणी सोडायला नको?"

तिकीट घेऊन मामा दाराशी आले आणि आपलं तिकीट आपणच फाडलं. अर्धं डब्यात टाकलं, अर्धं खिशात ठेवलं. मग आम्हाला सोडून, टॉर्चचा झोत आपल्याच पायांपुढे धरून ते स्वतःला जागा दाखवत निघाले.

दिवे मालवले. पडदा उजळला. आठशे नव्वद खुर्च्या रिकाम्या होत्या. मामा नेमके सौ.च्या पुढच्या खुर्चीत बसले, टोपी न काढता.

"अहो," सौ. अंधारात म्हणाली, "मला काही दिसत नाहीये."