सुरकुतीचे शिल्पकार यांस

माननीय इंटिरिअर डिझायनर साहेब,



पत्रास कारण की, काल सकाळी सासूबाई पडल्या. पाण्याचा तांब्या घेऊन देवघराकडे निघाल्या होत्या. सोफा आणि देवघर यांच्या मधोमध तुमच्या वॉल-टू-वॉल कार्पेटला जी आडवी सुरकुती पडली आहे, तिच्यात त्यांच्या पायाचा अंगठा अडकला. मनगट प्लास्टरमध्ये आहे. तांब्यातलं पाणी कार्पेटनं जागच्या जागी पिऊन टाकलं, फडकं शोधायचीसुद्धा वेळ आणली नाही. एवढा एक गुण तुमच्या मालात आहे, तो मोकळ्या मनानं मान्य करते.

तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "सेट होईल मॅडम." हे तुम्ही गेल्या दिवाळीतही म्हणाला होतात, संक्रांतीलाही म्हणाला होतात. मनगटाबद्दल डॉक्टरही हेच म्हणाले, फरक इतकाच की त्यांनी तारीख दिली. मग तुमचा सल्ला आला: आजींना घरात स्लीपर घालायला सांगा.

ऐंशी उलटलेल्या बाईनं देवापुढे स्लीपर घालून जायचं, कारण तुमच्या कार्पेटला सरळ राहणं जमत नाही? जन्मभर शहाबादी फरशीवर अनवाणी चाललेली बाई ती. तिनं तुमच्यापायी चाल बदलायची? मनगटाऐवजी खुबा मोडला असता, तर ती अंथरुणातून उठली असती का, हे त्या फोनवर तुमच्या मनात तरी आलं का? लाज वाटायला पाहिजे होती, साहेब.

असो. रक्तदाब वाढतो.

तुमच्या पोरांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि काय करायला हवं होतं ते पुण्यात हॉटेलांची कामं करणाऱ्या आमच्या भाच्याकडून समजून घेतलं आहे. मे महिन्यात भर दुपारी टेम्पोतून रोल उतरला, हाताला चटका बसेल असा तापलेला. असा रोल निदान एक दिवस त्याच खोलीत उलगडून ठेवायचा असतो. मग भिंतींच्या कडेनं तिरप्या खिळ्यांच्या पट्ट्या ठोकायच्या, लांब दांड्याचा स्ट्रेचर समोरच्या भिंतीला टेकवायचा, आणि कार्पेट लांबीला-रुंदीला ताणून त्या खिळ्यांत अडकवायचं. तुमच्या पोरांकडे ना पट्ट्या, ना स्ट्रेचर. एकानं पायानं दाबलं, दुसऱ्यानं कडेला सोल्युशन फासलं, संध्याकाळी चहा घेऊन गेले. आणि खाली इंचभर फोम, कारण "पाय रुतले पाहिजेत मॅडम". पाय रुतला की दर पावलाला कार्पेट वाकतं आणि पाठीमागचा लॅटेक्सचा थर सैलावतो. म्हणून घरगुती कार्पेटखाली फोम अर्ध्या इंचाच्या आतला आणि घट्ट लागतो. त्यात उन्हाळाभर आमचा कूलर. सोलापुरात कूलरशिवाय एप्रिल काढून दाखवावा कुणी! त्याचा ओलसर वारा रोज त्या कार्पेटवर, आणि पाठोपाठ पावसाळा. आधीच सैल बसवलेली वस्तू आणखी पसरणार. भिंतीला जागा नाही म्हटल्यावर फुगून वरच येणार.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. शेंगा चटणीच्या तेलाचा डाग जात नाही. धूळ आत जाते, बाहेर येत नाही. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे धुवायचं कशानं, हा प्रश्न मी महापालिकेला विचारीन.

पण एक गंमत तुम्हाला ऐकवल्याशिवाय राहवत नाही. हे टफ्टेड कार्पेट चादरीच्या पोटी जन्मलं आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गाव आहे. तिथं १८९५ साली कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीनं हातानं टफ्ट, म्हणजे दोऱ्याचे झुपके, घालून एक चादर केली, आणि १९०० साली अशी पहिली चादर अडीच डॉलरला विकली. पाहता पाहता आसपासच्या बायका घरोघरी तेच करू लागल्या. पुढे यंत्रं आली, दुसऱ्या महायुद्धानंतर ती रुंद झाली, त्यांच्यावर गालिचे निघू लागले आणि ते गाव कार्पेटची राजधानी झालं. म्हणजे चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळवलेल्या सोलापुरात येऊन तुम्ही आम्हाला परगावची चादर जमिनीला चिकटवून विकलीत! आमच्या चादरीला, सतरंजीला सुरकुती पडली तर दोघींनी टोकं धरून एक झटका द्यायचा, विषय संपला.

काल संध्याकाळी तुम्ही स्वतः आलात. गुडघ्यांवर बसून सुरकुती तळहातानं दाबत भिंतीपर्यंत नेलीत. हात काढला तशी ती परत जागेवर आली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या घरी पण असंच हाय का रे?"

तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "नाही आजी. फरशीच आहे."

भडकायला हवं होतं मी. पण तो पडलेला चेहरा पाहिला, म्हणून आता अहो-जाहो सोडते. तुझ्या वयाची पोरं पहाटे हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. आमचा मुलगाही त्यातलाच. तू शिकून परत आलास, इथं ऑफिस थाटलंस. आणि इथं गिऱ्हाईक मोबाइलवर पुण्यातल्या बाणेरच्या फ्लॅटचे फोटो दाखवणार, भाव मात्र सोलापूरचा मागणार. वर्षाला दोन-चार कार्पेटांसाठी स्ट्रेचर कोण घेईल? तुझ्या पोरांना कुणी शिकवलं असेल? गुडघ्यानं धडका देऊन कार्पेट ताणायचं एक छोटं अवजारही असतं. त्यानं अमेरिकेतल्या कारागिरांचे गुडघे इतके गेले की १९९० साली तिथल्या सरकारी संस्थेला इशारा काढावा लागला. ते मात्र पोरांच्या हाती देऊ नकोस.

रविवारी ये. ताणायला नको, उचलायला ये. फोमसकट सगळं टेम्पोत घाल. फरशीवरचे सोल्युशनचे डाग तूच काढून द्यायचे आहेत, सासूबाई खुर्चीत बसून लक्ष ठेवणार आहेत. जेवायलाच थांब, भाकरी टाकते.

पैशांचं जेवण झाल्यावर बोलू. ते मी सोडणार नाही.

तुझी गिऱ्हाईक,
जुळे सोलापूर